सहा वर्षांखालील मूल आणि सरकारी तिजोरी

मराठी शाळेत एके काळी पहिल्या इयत्तेच्याही आधी एक वर्ग असे. सरकारी दप्तरात त्याचे नाव काहीही असो, लोक त्याला बिगरी म्हणत. पाटीवर अक्षर गिरवणे, अंक घोकणे आणि मास्तरांच्या छडीवर एक डोळा ठेवून एका जागी बसायला शिकणे, एवढाच त्याचा अभ्यासक्रम. त्या वर्गाचे गोडवे गावेत असे त्यात फारसे काही नव्हते. मूल म्हणजे लहान आकाराचा माणूस, अशी त्या काळची समजूत होती, आणि लहान आकाराच्या माणसाला जशी वागणूक मिळावी तशी ती बिगरीत मिळत असे. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बिगरी ही गावच्या शाळेचाच भाग होती. तिच्यासाठी वेगळे खाते नव्हते, वेगळी संस्था नव्हती, की वेगळा दानशूर गृहस्थ शोधावा लागत नसे. ज्या पैशातून चौथीचा मास्तर पोसला जाई, त्याच पैशातून बिगरीचाही. पुढे ती खोली गेली, शब्द तेवढा उरला. कच्च्या माणसाविषयी ‘अजून बिगरीत आहे’ असे आपण आजही म्हणतो.

बालशिक्षणाचा इतिहास सांगताना आपल्याकडे बहुधा पद्धतींचा इतिहास सांगितला जातो. फ्रबेल काय म्हणाला, माँटेसोरीबाई काय म्हणाल्या, गिजुभाईंनी त्यात काय भर घातली, असा तो क्रम असतो. तो इतिहास मोलाचा आहे. पण आज आम्हांला त्याच्या शेजारची, जरा रुक्ष वाटणारी वही उघडायची आहे. ती वही खर्चाची. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या शिक्षणाचा पैसा या देशात कोणी दिला, कोणत्या नावाखाली दिला, आणि केव्हा हात आखडला, हे पाहिले म्हणजे पद्धतींच्या इतिहासात न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसू लागतात.

आरंभ करावा लागतो तो ‘सहा’ या आकड्यापासून. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात मांडले, त्यात सक्तीचे वय सहा ते दहा असे होते. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, अशी गोखल्यांची सूचना होती. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांपुरता सक्तीचा कायदा झाला. तोही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. आता सक्तीचा कायदा करायचा म्हणजे मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड करायचा, आणि दंड करायचा तर कोणत्या वाढदिवसापासून, हे कायद्याला सांगणे भागच होते. तीन वर्षांचे मूल घरी ठेवले म्हणून त्याच्या आईबापांना कोर्टात खेचावे असे कोणाही शहाण्या माणसाला वाटणार नाही. म्हणून सहा. हा आकडा शिकण्याच्या वयाचा नव्हता, तो दंडाच्या वयाचा होता. परंतु कायद्यातील आकड्यांची एक खोड असते; ज्या कामासाठी ते लिहिले जातात ते काम संपले तरी ते जागचे हलत नाहीत. सक्ती सहापासून, मग मोफतही सहापासून, मग खर्चाची जबाबदारीही सहापासून, असे होत होत सहा हे सरकारी तिजोरीच्या कुलपाचे वय होऊन बसले.

कुलपाच्या बाहेर जे राहिले त्यांच्यासाठी माणसे उभी राहिली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. गिजुभाई मूळचे वकील. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. एका मराठी बाईने गुजरातेत जाऊन गुजराती बालशिक्षणाचा पाया घालण्यास हातभार लावावा आणि ती शिदोरी घेऊन परत महाराष्ट्रात यावे, ही गोष्ट दोन्ही भाषांना भूषणावह आहे. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. या सर्व संस्थांचा खर्च चालत असे तो देणग्या, वर्गण्या आणि पालकांची फी यांवर. अर्थात जेथे फी देणारे पालक होते तेथे बालमंदिर होते. दादरसारख्या वस्तीत ते शोभून दिसले आणि टिकले. ताराबाईंना हे खटकत होते, आणि म्हणूनच वयाच्या पन्नाशीनंतर, जेव्हा इतरांनी केलेल्या कामाचा सत्कार स्वीकारीत बसायचे, तेव्हा त्यांनी मुंबई सोडून बोर्डी गाठली.

बोर्डीचे ग्राम बालशिक्षा केंद्र १९४५ च्या डिसेंबरात सुरू झाले. सोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य, पुढे शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, अशा वाटेने आलेल्या या बाईंनी ताराबाईंच्या हाताखाली काम करायचे ठरवले ते आयुष्यभरासाठी. बोर्डीत पहिलीच अडचण अशी आली की बालवाडी उघडली तरी ज्यांच्यासाठी ती उघडली ती मुले येईनात. आईबाप कामावर, मोठे मूल धाकट्याला सांभाळणार. बालवाडीत कोण येणार? तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या दारात नेली. वाड्यातील एखादे अंगण झाडायचे, मुलांना न्हाऊमाखू घालायचे, केस विंचरायचे, आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ मांडायचे. मध्यवर्ती बालवाडी आणि अंगण बालवाडी असे दोन प्रकार त्यांनी केले. आज देशाच्या कानाकोपऱ्यात जो शब्द ऐकू येतो त्याचे मूळ या अंगणात आहे.

दुसरी अडचण साधनांची होती. माँटेसोरी पद्धतीची साधने म्हणजे मोजून कापलेले, घासून गुळगुळीत केलेले लाकडी ठोकळे, मनोरे, दट्ट्ये. शहरातील संस्थांना ती परवडत. खेड्यातल्या बालवाडीला परवडणे शक्य नव्हते. ताराबाईंनी मूळ तत्त्व धरून ठेवले आणि लाकूड सोडून दिले. लहानमोठे क्रमाने लावायचे तर शिंपले आहेत, दगड आहेत. रंग ओळखायचे तर पाने, फुले आणि बिया आहेत. मोजायला चिंचोके, घडवायला माती. साहेबी साधनांची नक्कल करण्यापेक्षा हे फार बिकट काम होते, कारण कोणत्या साधनातून मुलाच्या कोणत्या इंद्रियाला काय मिळते हे नेमके ठाऊक असल्याशिवाय दुसरी वस्तू निवडताच येत नाही. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’ उभी केली गेली. पाळणाघर का, तर धाकटे भावंड तेथे ठेवले म्हणजे मोठी बहीण शाळेत बसायला मोकळी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. शेजारची शाळा म्हणतात ती ही. तान्ह्या मुलापासून चौथीच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळे घर एकाच दारातून आत येते आणि कोणाला कोणासाठी घरी राहावे लागत नाही.

येथे आम्हांला एक कटु वाटणारी गोष्ट सांगणे भाग आहे. ताराबाईंनी सिद्ध केले की गरिबाच्या मुलाला उत्तम बालशिक्षण थोड्या खर्चात देता येते. सरकारने त्यातले ‘थोड्या खर्चात’ एवढेच शब्द ऐकले. साधने स्वस्त होती. ती वापरणारी बाई स्वस्त नव्हती. तिच्यामागे अध्यापनशास्त्राचा अभ्यास, निरीक्षणाची सवय आणि दीर्घ प्रशिक्षण होते. पुढच्या काळात चिंचोके आणि शिंपले सगळ्या देशभर गेले, त्यांच्यामागचे प्रशिक्षण आणि त्या प्रशिक्षणाला साजेसा पगार मात्र गेला नाही.

सरकारला कोणी हे सांगितलेच नव्हते असे नाही. १९४४ साली सार्जंट साहेबांच्या नावाने ओळखला जाणारा युद्धोत्तर शिक्षणविकासाचा अहवाल निघाला. त्यात शिशुशाळांचा स्वतंत्र विचार आहे. शिशुशिक्षण मोफत असावे, सक्तीचे नसावे; शहरात पुरेशी मुले असतील तेथे स्वतंत्र शिशुशाळा काढाव्यात, आणि खेड्यात प्राथमिक शाळेलाच शिशुवर्ग जोडावा; शिकवणाऱ्या स्त्रिया असाव्यात आणि त्यांना या कामाचे खास प्रशिक्षण असावे. दहा लक्ष मुलांची सोय त्यात धरली होती. दहा लक्ष हा आकडा तेव्हाच्या अखंड हिंदुस्थानाच्या मानाने चिमूटभरच. पण चिमूट का होईना, ती शिक्षणाच्या खर्चात धरलेली होती, ही लक्षात ठेवण्याची गोष्ट. इकडे सेवाग्रामला १९४५ मध्ये नई तालीमचा विस्तार करून पूर्वबुनियादी शिक्षण तिच्यात घेण्यात आले. साहेबाचा अहवाल आणि गांधीजींचा आश्रम यांचे फारसे कशावर एकमत होत नसे, या एका बाबतीत झाले.

मग आली घटना समिती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी शिक्षणाविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली. मसुद्यात, चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे होते. एका सभासदांची सूचना अशी की यात ‘शिक्षण’ऐवजी ‘प्राथमिक शिक्षण’ असे घालावे. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामावर ठेवण्यास घटनेने मनाई केलेली आहे. तर मग कामावर नसलेले मूल कोणत्या ना कोणत्या शिक्षणसंस्थेत असलेच पाहिजे. म्हणून चौदा. या कलमाला वरची मर्यादा होती आणि तिचे कारणही स्पष्ट होते. खालची मर्यादा नव्हती. पंचेचाळिसाव्या कलमात सहा हा आकडा कोठेही नाही. दीड वर्षाचे मूल काय, तीन वर्षांचे काय, ‘सर्व मुले’ या दोन शब्दांत ती सारी येत होती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क म्हटले तेव्हाही खालचे दार उघडेच होते.

ते दार घटनेने उघडे ठेवले, पण अंदाजपत्रकाने लावून घेतले. स्वातंत्र्यानंतर बालवाड्या निघाल्या त्या बहुतांशी शिक्षण खात्याकडून नव्हेत. १९५२ नंतर समूहविकास योजनेत काही निघाल्या. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले, त्याच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांनी आणि महिला मंडळांनी काही चालवल्या. दुर्गाबाईंच्या कार्याविषयी आम्हांला आदरच आहे. त्यांनी पैसा मिळवून दिला नसता तर त्या बालवाड्या निघाल्याच नसत्या. परंतु एकदा का एखादी गोष्ट कल्याणाच्या लेखाशीर्षाखाली गेली की तिचे रूप पालटते. शिक्षण हे देणे लागते. कल्याण हे दिले तर दिले. शाळेचा मास्तर पगार मागतो, बालवाडीची बाई अनुदानाची वाट पाहते.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) हा गुंता सोडवला असता तर किती बरे झाले असते! कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक या आयोगाचे कार्यवाह होते. याच आयोगाने शेजारशाळेची कल्पना आग्रहाने मांडली. वस्तीतील श्रीमंताचे आणि गरिबाचे मूल वस्तीतल्याच शाळेत एका बाकावर बसले पाहिजे, असे सांगितले. आणि याच अहवालात पूर्वप्राथमिक शिक्षणाविषयी काय म्हटले आहे? ते चालवण्याची जबाबदारी मुख्यतः खाजगी प्रयत्नांवर सोपवावी, सरकारने प्रशिक्षण, संशोधन, मार्गदर्शन आणि अनुदान यांवर थांबावे. वीस वर्षांनंतरचे, म्हणजे १९८६ चे उद्दिष्ट होते तीन ते पाच वयाच्या मुलांपैकी शेकडा पाच आणि पाच ते सहा वयाच्या मुलांपैकी शेकडा पन्नास. आयोगापुढे अडचणी होत्या हे आम्ही नाकारीत नाही. सहा वर्षांवरची कोट्यवधी मुले शाळेबाहेर होती, पैसा तोकडा होता, आणि आधी कोणाचे ताट वाढावे हा खरा प्रश्न होता. पण परिणाम काय झाला तेही पाहिले पाहिजे. सहाव्या वर्षी एका बाकावर बसवायची ती मुले तिसऱ्या वर्षीच दोन वेगळ्या दारांतून आत गेली होती. एकाचे पालक फी भरून बालकमंदिरात नेत होते, दुसरे अंगणात खेळत होते. वेगळी झालेली मुले पुढे शेजारशाळेत पुन्हा एकत्र येतील अशी अपेक्षा भाबडी होती. खाजगी शिशुवर्गाने पालकाला एकदा आपल्या दारात आणले की पहिलीसाठी तो दुसरे दार पाहत नाही. शेजारशाळा पहिलीत मोडली नाही, ती शिशुवर्गातच मोडली.

१९७४ साली राष्ट्रीय बालधोरण जाहीर झाले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रात धारणी आणि धारावी ही पहिली ठिकाणे. एक मेळघाटातले, दुसरे मुंबईच्या पोटातले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, मातांना पोषण व आरोग्याचे शिक्षण आणि मुलांना अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण, अशा सहा सेवा एकत्र बांधल्या होत्या. या योजनेला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांत नाही. मेळघाटातल्या कुपोषित मुलाला आधी घास पाहिजे, मग गाणे, हे ज्याला कळत नाही त्याने बालशिक्षणावर बोलू नये. बोर्डीच्या अंगणातही न्हाणे आधी आणि गोष्ट नंतरच होती. दोष घासात नाही, दोष हिशेबात आहे. सहा सेवांपैकी शिक्षण ही एक, आणि तीही ‘अनौपचारिक’. योजना शिक्षण खात्याची नव्हे. आणि जी बाई हे सारे करणार तिला पगार नव्हता, मानधन होते. आरंभी मॅट्रिक न झालेल्या सेविकेस दरमहा १०० रुपये आणि मॅट्रिक झालेल्या सेविकेस १५०.

‘मानधन’ हा मोठा फसवा शब्द आहे. व्याख्यात्याला एका संध्याकाळचे मानधन देतात, कारण त्याचे पोट दुसरीकडे भरते. सेविका रोज सकाळी अंगणवाडी उघडते, खिचडी वाटते, वजने घेते, लसीकरणाला मुले गोळा करते, नोंदवह्या भरते, वरून निवडणुकीची आणि पाहणीची कामे करते. आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात शिकवते. २००६ साली अमीरबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाही. त्याच न्यायालयाने २००१ पासून अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मिळालीच पाहिजे, असे हुकूम दिले होते. डिसेंबर २००६ च्या हुकुमात तर २००८ च्या अखेरीपर्यंत १४ लक्ष अंगणवाड्यांचे लक्ष्य घालून दिले. म्हणजे अंगणवाडी ही सर्वांच्या हक्काची, आणि ती चालवणारी बाई मात्र कोणाचीच नोकर नव्हे! १६ वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये, सेविका व मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला तेव्हा या विसंगतीचा एक धागा तरी सुटला. केंद्राने २०१८ साली सेविकेचे मानधन ३००० वरून ४५०० रुपयांवर नेले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे पन्नास दिवस संप केला, तो या भरीच्या आणि ग्रॅच्युइटीच्या मागणीसाठी.

फ्रान्सचे उदाहरण येथे सहज आठवते. तेथे १८८१ साली सार्वजनिक प्राथमिक शाळा मोफत झाल्या, तेव्हाच लहान मुलांच्या आश्रयशाळांना शिशुशाळा हे नवे नाव देऊन त्यांची गणना शाळांत झाली. २०१९ पासून तेथे तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे. त्या शिशुशाळेत शिकवणारा शिक्षक आणि प्राथमिक शाळेचा शिक्षक एकाच श्रेणीतले. फ्रान्स श्रीमंत देश आहे असे कोणी म्हणेल. १८८१ चा फ्रान्स दहाच वर्षांपूर्वी प्रशियाकडून हरलेला आणि जबर खंडणी भरून उठलेला होता.

आमच्याकडे मधल्या काळात शहरांतून खाजगी शिशुवर्गांचा बाजार भरला. तीन वर्षांच्या मुलाची आणि त्याच्या आईबापांची मुलाखत घेण्याची चाल पडली, ती इतकी वाढली की महाराष्ट्राला १९९६ साली पूर्वप्राथमिक प्रवेशाच्या नियमनाचा कायदा करावा लागला. प्रवेश कसा द्यावा हे सरकारने सांगितले; जागा कोणी निर्माण कराव्यात याविषयी मौनच पाळले.

आणि मग २००२ साली शहाऐंशीवी घटनादुरुस्ती झाली. शिक्षण हा मूलभूत हक्क झाला म्हणून आनंद झाला, तो योग्यच होता. पण त्या आनंदात थोड्यांनीच पाहिले की हक्क सहा ते चौदा वयाचा होता. सहा हा आकडा घटनेत आला तो या वेळी. पूर्वीचे पंचेचाळिसावे कलम बदलून, सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाचा व शिक्षणाचा राज्याने प्रयत्न करावा, असे त्यात लिहिले गेले. गोखल्यांच्या विधेयकातील दंडाचे वय असे नव्वद वर्षांनी हक्काचे वय झाले, आणि त्याखालचे मूल ‘प्रयत्ना’च्या खात्यात गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील अकरावे कलम वाचावे. तीन वर्षांवरील मुलांना मोफत पूर्वप्राथमिक शिक्षण देण्याची व्यवस्था शासन करू शकेल, असे ते म्हणते. करील नव्हे, करू शकेल.

जुलै २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने तीन ते आठ वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला, आणि २०३० पर्यंत सर्व मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे असे उद्दिष्ट ठेवले. अंगणवाड्या प्राथमिक शाळांच्या आवारात आणाव्यात, असेही त्यात आहे. सार्जंट अहवालातील खेड्याची योजना आणि कोसबाडची विकासवाडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना ओळखीची वाटेल. ती अमलात आणायची तर आवार एक करून भागणार नाही. मुलांना मधली भिंत दिसत नाही. ती हिशेबाच्या वह्यांत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाईंचा पगार शिक्षण विभागाकडून निघतो; त्याच आवारात, पलीकडच्या खोलीत, त्याच मुलांना आदल्या वर्षापर्यंत शिकवणाऱ्या सेविकेचे मानधन महिला व बालविकास विभागाकडून निघते.